दिवाळीपर्यंतची टेप

लोह्याकडच्या आमच्या गावात आई-बापांनी दुष्काळी कामावर खडी फोडली आणि मला शिकवलं. घरातला पहिला पदवीधर मी. लातूर जिल्हा नवा असताना तिथल्या कचेरीत कॉम्प्युटरवर लागलो.

टेपा सांभाळायला बिलोलीकडचे एक काका होते. कॉम्प्युटरमधल्या माहितीची नक्कल टेपवर उतरली, की ती कधी पुसायची ती तारीख ते पेन्सिलीनं वर लिहायचे. त्याआधी दर वेळी विचारायचे, "बाबा, याचं काम कधी सरल?" मला वैताग यायचा.

त्या वर्षी पुन्हा दुष्काळ पडला. टँकरच्या गावांची यादी टेपवर घेतली, तेव्हा काकांनी तिच्यावर थेट दिवाळीची तारीख घातली.

साहेब म्हणाले, "नियम सात दिवसांचा आहे."

"हाव सायेब. पण दुष्काळ सात दिवसांचा न्हाई."

साहेबांनी तारीख राहू दिली.

नव्या महिन्याची यादी छापली, तर उदगीरकडची नऊ गावं तिच्यात नव्हतीच. चूक माझीच होती. कॉम्प्युटरमधून ती गावं माझ्या हातून कधी पुसली गेली तेही आठवेना. नंतरच्या सगळ्या टेपांवर तीच अपुरी यादी उतरली होती. उद्यापासून त्या गावांना पाणी नव्हतं.

काकांनी कपाटातून दिवाळीची टेप काढली. "बोलणी मागून खा. आधी ही लाव."

संध्याकाळपर्यंत नऊही गावं यादीत आली. सकाळी त्यांचे टँकर निघाले.