पुठ्ठ्यावरची सहावी

१२ जून. साडीचे धागे कापत बसले होते. भरतकामाच्या मशीनवरून उतरलेल्या साडीला मागच्या बाजूने एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत धागे लोंबत असतात. ते छोट्या कात्रीने, कापडाला टोक न लावता कापायचे. इथं याला धागा कटिंग म्हणतात आणि आमच्या नवागाम वस्तीतल्या निम्म्या बायका घरी बसून हेच करतात. त्या दिवशी मला घाई होती. मुलीला शाळेत घेऊन जायचं होतं, आणि ती कोणत्या वर्गात बसणार ते ठरायचं होतं.

मुलगी बारा वर्षांची. पाचवीत असताना तिला मणक्याचा टीबी झाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पाठीवर झोपून राहायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, उठायचं तेव्हा पाठीचा पट्टा बांधून. पाचवी अर्धी राहिली, सहावी तर सगळीच गेली. शाळेने नाव काढलं नाही, पुस्तकं दिली आणि सांगितलं, घरी होईल तेवढं करून घ्या.

करून कोण घेणार? नवरा कापड विणायच्या लूमवर बारा तास उभा असतो, एक पंधरवडा दिवसपाळी, एक पंधरवडा रातपाळी. तो चौथीपर्यंत शिकलेला. मी नववी, तीही धुळ्याकडच्या खेड्यात. तेव्हा मी एका कापडाच्या कारखान्यात चेकिंगला होते. ते काम सोडलं, घरी धागा कटिंग आणलं, आणि शिकवायला बसले.

पहिली अडचण अभ्यासाची नव्हती, लिहिण्याची होती. उताणं झोपून पेन चालत नाही, शाई उतरत नाही. पाटी वर धरली तर खडूची भुकटी डोळ्यांत. वही दुमडते. शेवटी साडीच्या घडीत घालतात ते पांढरे पुठ्ठे कामी आले. पुठ्ठा छातीवर उभा धरायचा आणि पेन्सिलीने लिहायचं. भरला की तो पुठ्ठा फेकायचा, नवा घ्यायचा. सहावीचं गणित असं पुठ्ठ्यांवर झालं आणि कचऱ्याच्या गाडीत गेलं.

शेजारीण नांदेडकडची. दारातून जाता जाता रोज काहीतरी बोलल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. "ओ मास्तरीणबाई, आज कोणता धडा? आमच्या लेकराला पण झोपवा की तुमच्या शाळेत, निदान गप तर पडंल!" मग खरं विचारायचं ते विचारायची. "तुमची शाळा किती झाली हो ताई?"

"नववी."

"मग दहावीचं काय करताल?"

"दहावीपर्यंत उठेल ती."

असं विचारणारे पुष्कळ होते. नणंदेने विचारलं, औषधाच्या दुकानदाराने विचारलं. माझं उत्तर ठरलेलं होतं. पुस्तक आहे, पोरीला वाचता येतं, मला डोळे आहेत. आणखी काय लागतं?

वाचनाचं खरंच काही अडलं नाही. मी धागे कापायची, ती मोठ्याने वाचायची. मराठी, विज्ञान, इतिहास. समजलं नाही की मी म्हणायची, परत वाच. दोनतीनदा वाचलं की दोघींनाही कळायचं, किंवा दोघींनाही कळायचं नाही आणि आम्ही पुढे जायचो. गुजरातीचं पुस्तक तर तीच मला शिकवत होती. आजाराआधी गल्लीत खेळून तिची गुजराती माझ्याहून बरी झालेली.

गणिताचं मात्र मी वेगळं धरलं. तिथं मला फारसं येत नव्हतं, म्हणून मी मला येत होतं ते वापरलं. चेकिंगला मी आठ वर्षं टेबलाशी उभी होते. समोरून ताका सरकत जातो, म्हणजे कापडाचा अख्खा तुकडा, आणि आपण बघत राहायचं. बघणारीला लूम चालवता येत नाही, यावीही लागत नाही. कापड सारखं चाललं आहे तोवर ठीक. कुठं खंड पडला, धागा तुटला, जाळं झालं, की नजर आपोआप अडकते. तिथं खूण करायची.

मी पोरीच्या हाताकडे तसंच बघायला लागले. उदाहरण तिने वाचायचं आणि सोडवायचं. तिचा हात सरळ चालला तर तिला येतंय. थांबला तर तिथं गोम आहे. थांबली की मी विचारायची, "काय झालं? नाही येत? मागचं परत बघ." कधी काम जास्त असायचं, तेव्हा आवाज चढायचा. हळूहळू तिचा हात थांबेनासा झाला. मला वाटलं, पोरगी तयार झाली. बघणारं कुणी आलं की मी मुद्दाम तिला उदाहरण घालायची. ती धडाधड लिहायची. शेजारीण म्हणाली, "बया, मशीनच हाय."

तर १२ जूनला मी उरलेल्या साड्या बाजूला सारल्या, पोरीला पट्टा बांधला, रिक्षा केली. आता ती बसू शकते, चालू शकते, फक्त वाकायचं नाही. रिक्षात ती खूश होती. तिच्या वर्गातल्या मुली आता सातवीत गेल्या होत्या आणि तिने त्यांच्यासाठी कानातले घेऊन ठेवले होते.

शाळेत सातवीच्या बेन भेटल्या. मराठी शाळा असली तरी इथं बाईंना बेनच म्हणतात. पन्नाशीच्या, आवाज बसलेला. त्यांनी आधी पोरीला वाचायला दिलं. तिने असं वाचलं की शेजारच्या टेबलावरच्या बेननी मान वर केली. "घरी हिचा अभ्यास कोण घेतं?" सातवीच्या बेननी विचारलं. मी म्हटलं, मीच. मला बरं वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

मग त्यांनी कागदावर एक उदाहरण लिहिलं. एक छेद दोन अधिक एक छेद चार. पोरीने पेन्सिल उचलली आणि न थांबता लिहिलं, दोन छेद सहा.

बेननी दुसरं दिलं. तेही तसंच. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. तिसरं. हात एकदाही अडखळला नाही.

बेन म्हणाल्या, "बेटा, अर्धी भाकरी घेतलीस आणि वर पाव भाकरी घेतलीस. किती झाली?"

पोरीने पुन्हा कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "दोन छेद सहा."

"म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी?"

ती लगेच म्हणाली, "कमी." विचार न करता. अर्धीत पाव मिळवली आणि अर्ध्याहून कमी! मला थांबलेलं चालत नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि मी तिथं बसून मनात म्हणत होते, पाऊण. अर्धा किलो तूरडाळ आणि पाव किलो, पाऊण किलो. याचा मला दुकानात विचार करावा लागत नाही. सहावीच्या गणिताला लागतं तेवढं माझ्यापाशी होतं. पण पुठ्ठ्यावर एकाखाली एक लिहिलेले आकडे दिसले की मला ते पुस्तकातलं काहीतरी वाटायचं, तूरडाळीशी संबंध नसलेलं. उत्तराकडे मी बघतच नव्हते. हाताकडे बघत होते.

बेननी आणखी थोडं तपासलं. भागाकार बरा होता. दशांश चिन्ह ती मनाला येईल तिथं देत होती. त्यांनी पोरीला पाणी प्यायला पाठवलं आणि मला म्हणाल्या, "हिला कळत नाही असं नाही. हिला थांबायचं भय आहे. चुकीचं उत्तर देईल, पण 'येत नाही' म्हणणार नाही. कुणी मारायचं का?"

"मारत नव्हतं कुणी," मी म्हटलं. "थांबली की मी विचारायची, काय झालं."

त्या म्हणाल्या, "नाव सातवीतच लागेल, त्याची काळजी नको. गणिताच्या तासाला मात्र पाचवीत बसू द्या. माझ्याच मैत्रिणीचा वर्ग आहे. दिवाळीपर्यंत भरून निघेल. नाहीतर सातवीत मागे बसून राहील, कुणाला त्रास देणार नाही, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. मी पुष्कळ बघितल्यात अशा. तुम्ही ठरवा. उद्या सांगा."

परत येताना रिक्षात पोरीला सांगितलं. तिला आधी कळलंच नाही, मग कळलं.

"पाँचवी में? त्या छोट्या छोट्या पोरींमध्ये? मम्मी, माझ्या मैत्रिणी खिडकीतून बघतील ने!"

"बघतील."

"मी जाणारच नाही मग. घरीच शिकीन. तूच शिकव ना, येतं तुला."

घरी नवरा रातपाळीवर निघायच्या तयारीत होता. चहा पिता पिता त्याने सगळं ऐकलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाला, "सातवीमा नाव शे ना? मंग पाचवीमा काबरं बसाडानं? सातवीमा कोनी नापास करस का?"

मी म्हटलं, नापास कुणी करत नाही, तीच अडचण आहे.

तो म्हणाला, दीड वर्ष पोर खाटेवर होती, आता चारचौघीत जरा हसू दे तिला. त्याचं चूक नव्हतं. डबा उचलून तो गेला.

पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. थोड्या वेळाने उठून बसली आणि पुठ्ठा घेतला. "मम्मी, दे. कोणतं पण दे. मी बरोबर करून दाखवते." मी दिलं नाही. दिलं असतं तर तिने भरभर लिहिलं असतं आणि मी पुन्हा हाताकडेच बघितलं असतं. इतक्या दिवसांची सवय एका दिवसात सुटत नाही, तिचीही नाही आणि माझीही नाही.

"नाराज आहेस?" तिने विचारलं.

"दमले आहे," मी म्हटलं. खरंच दमले होते. दीड वर्ष घर, गोळ्या, साड्या आणि शाळा एकाच खोलीत चालवली होती, आणि त्यातली एक गोष्ट उसवावी लागणार होती. शिवण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो.

तिला एवढंच सांगितलं की मला जेवढं शिकवता येत होतं तेवढं झालं. वाचन मी करून घेतलं, ते चांगलं झालं. गणित माझ्याकडून बिघडलं. बिघडवणारीनेच ते नीट करावं असा हट्ट धरला तर आणखी बिघडेल. ती रडली. मी भाकऱ्या केल्या.

घरी शिकवायला आईबाप शिकलेले लागतात का, असं आता कुणी विचारलं तर मी नुसतं 'नाही' म्हणणार नाही, जसं आधी म्हणायची. फार शिकलेलं असावं लागत नाही. पण उत्तर बरोबर आहे की चूक हे सांगणारं कुणीतरी दर आठवड्याला घरात यावं लागतं, किंवा आपण त्याच्याकडे जावं लागतं. धाकटी जाऊ भेस्तानला राहते, बारावी झालेली. रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत. तिला एकदाही बोलावलं नाही, कारण माझं काम मला जमतंय असं मला वाटत होतं. कापड चेक करताना मी कुणाला बोलवायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला अंघोळ घातली, पट्टा बांधला, वेणी घातली. शाळेत सातवीच्या बेनना सांगितलं, गणिताला तिला पाचवीत बसवा. गणिताचा तास पहिलाच होता. पाचवीच्या दारात ती उभी राहिली, सगळ्या मुलींपेक्षा हातभर उंच, आतल्या पट्ट्याने फ्रॉक फुगलेला. दोघीतिघी वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, "जा." ती माझ्याकडे न बघता गेली आणि शेवटच्या बाकावर बसली, ताठ, कारण वाकायचं नाही. पाचवीच्या बेन फळ्यापाशी होत्या. त्यांना मी दारातूनच बोलावून सांगितलं, की हिचा हात भरभर चालला तर उत्तर बरोबर आहे असं धरू नका, आणि थांबली तर थांबू द्या. त्यांनी मान हलवली. तिथं उभी राहिले असते तर ती माझ्याकडेच बघत बसली असती, म्हणून निघाले.