खुडूक

आमगावला आमच्या शेजारी रेल्वेच्या फाटकवाल्याची बायको राहायची. नवरा, देव आणि कोंबड्या, सगळ्यांना ती सारख्याच शिव्या द्यायची.

एकदा तिची कोंबडी खुडूक झाली. खाली अंडी नसतानाही टोपलीतून उठेना. मी कुंपणावरून म्हटलं, "पाण्यात बुचकळ तिले, मंग उठंल."

"तुले बुचकळू का? बसून राहिली तं बसू दे."

त्यातच दौऱ्यावर गोरा साहेब आला. त्याच्या जेवणासाठी चपराशी फुकटात कोंबडी न्यायला आला आणि थेट टोपलीकडे वळला. हिनं कोंबडी पदराखाली घेतली आणि अंगणातच फतकल मारली.

"आता मीच खुडूक झाली. ने मले उचलून! साहेबाले सांग, मांस चिवट आहे."

चपराशी हसू दाबत रिकाम्या हातानं परतला. ही मात्र संध्याकाळपर्यंत जागची हलली नाही. नवरा भात मागायला जवळ गेला, तर हिनं खुडूक कोंबडीसारखं त्यालाही टोचलं.