सायखेड्याचा वारा

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रॅकमागे धूळ साचते तसे ते साचतात; कधीतरी साफसफाईला गेलं की नाकात जातात.

सिन्नरच्या एका कारखान्यातले नेटवर्कचे स्विच, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी यंत्रं, जिवंत ठेवायचं आमचं काम. प्रत्येकाचा पंखा, पॉवर सप्लाय, तापमान स्क्रीनवर दिसतं. सगळं हिरवं असलं की आम्ही चहाला मोकळे. आमचे वाघ सर मात्र स्विचमागे जाऊन तळहात धरायचे. एकदा स्क्रीन हिरवीगार, आणि हाताला वाराच नाही. पंखा बंद! तेव्हापासून आम्हालाही हात धरायला लावतात. "स्क्रीनवरचा दिवा काहीही सांगेल. वारा लागला पाहिजे."

*

स्विचना गावांची नावं द्यायची पद्धतही त्यांचीच. माझं लग्न झालं आणि नवा स्विच आला. सासरचं नाव सुचवावं की माहेरचं, या विचारात मी होते. सरांनी परस्पर 'नांदगाव' लिहून टाकलं. माझं माहेर.

सगळ्यात मोठा स्विच 'सायखेडा', म्हणजे काकूंचं, सरांच्या बायकोचं माहेर. तो गरम झाला की आमच्यातला संदीप हाक मारायचा, "सर, सासुरवाडी तापली!"

"तापणारच. दिवाळीला गेलो नाही ना."

*

चहाच्या वेळी सरांचा काकूंना फोन, स्पीकरवर.

"पंखा?"

"नॉर्मल."

"पॉवर?"

"नॉर्मल."

"तापमान?"

"तुमचा फोन आला की वाढतं."

आम्ही हसायचो. काकूंना कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली, तरी फोन चुकला नाही. उत्तरंही तीच, फक्त प्रत्येक उत्तराआधी जरा थांबावं लागायचं. मग सर "सगळं हिरवं" म्हणून कप उचलायचे.

*

मीही आईला फोनवर रोज "बरी आहे" सांगते. एकदा सरांच्या कानावर गेलं. म्हणाले, हा स्क्रीनचा रिपोर्ट झाला, रविवारी जाऊन ये. मी गेले. आईने नुसता पाठीवरून हात फिरवला. परतताना एसटीत मी मनमाडपर्यंत रडले. शेजारच्या मावशींनी खिडकीची जागा दिली.

*

काकू गेल्या त्या दिवशीही चहाला फोन झाला होता. तिन्ही उत्तरं नॉर्मल.

तेरावं उरकून सर कामावर आले. चहाच्या वेळी खिशातून फोन काढला, पाहिला, परत ठेवला आणि सायखेड्यामागे गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. तळहात धरून उभे होते.

"सर, स्क्रीनवर सगळं हिरवं आहे."

"तू हात लाव."

मी त्यांच्या हाताशेजारी हात धरला.

"येतोय?"

"येतोय, सर."

त्यांनी मान हलवली. हात काढला नाही.