एकट्या जिपेसाठी लॉकर

आमच्या दोन जिपा होत्या, एक माझी आणि एक माझ्या मित्राची. जबलपूरजवळच्या खमरियाच्या फॅक्टरीत आम्ही एकाच शॉपमध्ये लागलो, शेजारच्या क्वार्टरमध्ये राहिलो आणि लिलावात निघालेल्या दोन जुन्या जिपाही बरोबरच घेतल्या. त्याच्या घरी बायको होती, मुलगा होता, पाहुण्यांचा राबता होता. माझं लग्न राहून गेलं. आई होती तोवर घरात मराठी होती. ती गेल्यावर मराठी बोलायला तोच उरला.

रविवारी सकाळी आम्ही जिपा काढायचो आणि गौर नदीच्या पात्रात, नाहीतर बरगी धरणाच्या पाण्यामागं जिथवर चाक जाईल तिथवर जायचो. पोचायचं असं कुठंच नसायचं. एक जीप अडकली की दुसरी तिला ओढून काढायची, आणि ओढणारा दिवसभर अडकणाऱ्याला चिडवायचा. त्यामुळं एकट्या गाडीला निघता यावं म्हणून मागच्या डिफरन्शियलला लॉकर बसवावं असं कधी डोक्यातच आलं नाही.

आम्ही रिटायर झालो आणि मुलानं त्याला पुण्याला बोलावून घेतलं. जीप विकताना तो मला म्हणाला, "तिथं ठेवायला जागा नाही रे. सोसायटीत एकच पार्किंग." मी जवळच रांझीत छोटं घर घेतलं होतं, जागा भरपूर होती. माझी जीप तिथं उभी राहिली. पहिले काही रविवार मी तिला नुसती धुतली.

मग एका रविवारी एकटाच गौरच्या पात्रात उतरलो आणि अडकलो. पुढचं डावं चाक खड्ड्यावर लोंबकळत होतं, मागचं उजवं वाळूत रुतलं होतं. फोर व्हील लावली, तरी तीच दोन चाकं गरगर फिरायची आणि ज्यांच्याखाली चांगला दगड होता ती दोन गप्प उभी. दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या साध्या डिफरन्शियलचं असंच असतं. जे चाक सहज फिरतं त्यालाच ते फिरवतं. इंजिन बंद केलं. दगड लावून पाहिले, चाकाखाली फळी सरकवून पाहिली. मोबाइलला रेंज नव्हती, आणि असती तरी कुणाला फोन करायचा हे काही सुचलं नाही.

ऊन कलल्यावर वरच्या शेतातून एक जण ट्रॅक्टर घेऊन आला. जीप ओढून काढली, घाम पुसला आणि विचारलं, "अकेले आए थे क्या, दादा?"

"हो... हाँ," मी म्हणालो.

त्यानं दोर सोडवून गुंडाळला. "अकेले मत आया करो," म्हणाला आणि निघून गेला.

त्या आठवड्यात मी नेपियर टाउनच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथला मिस्त्री माझ्याच वयाचा, आमच्या दोन्ही जिपा त्याच्याच हातच्या. लॉकर म्हणजे मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकायची, एक हवेत असलं तरी दुसरं फिरलंच पाहिजे. एवढं मला ठाऊक होतं. प्रश्न कुठलं बसवायचं हा होता.

"ऑटोमॅटिक डलवा लो," तो म्हणाला. "न तार, न पाइप. ज़ोर पड़ा कि लॉक. अकेले आदमी को झंझट नहीं."

दुसरं होतं हवेवर चालणारं. छोटा कॉम्प्रेसर, त्यातून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत पाइप, आणि डॅशबोर्डवर बटण. बटण दाबलं तर लॉक, नाहीतर गाडी नेहमीसारखी. तिसऱ्या, थोडीशीच पकड देणाऱ्या प्रकाराचं त्यानं नावही काढू दिलं नाही. चाक पूर्ण हवेत असेल तर त्याचा काय उपयोग, हे मलाही पटलं.

त्या संध्याकाळी मी मित्राला पुण्याला फोन लावला. खरं तर मला ठरवता येत होतं, पण त्या निमित्तानं बोलणं होईल म्हणून लावला. मागून नातवाचा आवाज येत होता.

"ऑटोमॅटिकच घे," तो म्हणाला. "तू बटण दाबायला विसरशील."

"वळणावर टकटक करतं ते. आणि पावसात मंडला रोडवर ते आपोआप लागून मागचा भाग घसरला तर? आपली जीप आखूड आहे."

"मग हवेवालं घे. पण पाइप दगडाला लागून फाटला तर तिथं काय करशील?"

"वरून नेईन पाइप, चेसिसच्या आतून."

"हं." मग म्हणाला, "काहून जाऊन राहिला बे एकटा? घरी बस ना."

 त्याला नातू ओढत होता, त्यानं फोन ठेवला.

मी हवेवालं घेतलं. आठवड्याचे बाकी दिवस जीप बाजारातच फिरणार होती, आणि लॉक कधी लागावं हे मला माझ्या हातात हवं होतं. मिस्त्रीनं मागच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकं, क्राउन-पिनियन, उघडून ते बसवलं. पाइप मी सांगितला तसा नेला, दोन वेळा सोडवून पुन्हा बांधायला लावला तरी चिडला नाही. "अब किसी को बुलाना नहीं पड़ेगा," किल्ली देताना म्हणाला. चांगल्या मनानंच म्हणाला.

थंडीत मित्र पुण्याहून जबलपूरला आला, बँकेचं काहीतरी काम होतं. माझ्याकडंच उतरला. सकाळी आम्ही गौरवर गेलो, तो माझ्या शेजारच्या सीटवर. इतक्या वर्षांत तो माझ्या जिपेत असा कधी बसला नव्हता. पात्रात दगडांमध्ये चाक फिरायला लागलं तसा तो सवयीनं उडी मारून उतरला, कंबर धरून मागं गेला, वाकून बघू लागला. "थांब, डावीकडं घे थोडी, मी सांगतो," असं ओरडला.

तोवर मी बटण दाबलं होतं. जीप एक गचका देऊन सरळ वर चढली.

आरशात तो दिसत होता, हात अजून वर उचललेला. मग हात खाली घेतला आणि हळूहळू दगडांवरून चालत आला. मला थांबून त्याचं ऐकायला हवं होतं असं वाटलं, पण जीप तर निघाली होती.

"चांगलं काम केलंय मिस्त्रीनं," बसता बसता तो म्हणाला.

"हो."

पाण्याकाठी आम्ही पोहे खाल्ले. तो नातवाबद्दल बोलला, पुण्यातल्या डॉक्टरबद्दल बोलला. मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याला स्टेशनवर सोडलं. गाडी हलेपर्यंत तो खिडकीतून, जिपेचं ऑइल कधी बदलायचं तेच सांगत होता.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. कुठंच अडकलो नाही, बटणाला हातही लावावा लागला नाही. दुपारी परत येताना रांझीच्या बाजारात थांबलो. भाजीवाल्या दीदीनं विचारलं, "क्या दूँ, भैया?" मेथी म्हणायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. खाकरून पुन्हा बोलावं लागलं. सकाळपासून तोंडातून हा पहिलाच शब्द निघत होता.