भिंतीवर न लागलेली नोटीस

मी चौथी पास. तेवढ्यावर शेंदूरजनाघाटात चाळीस वर्षं संत्र्याची कलमं बांधली आणि माझ्या हातचं कलम सहसा मेलं नाही. खुंटाची साल चिरायची, त्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा, पट्टी गुंडाळायची. हे मला माझ्या चुलत्यानं हात धरून शिकवलं. म्हणून शिक्षण म्हटलं की समोर बसलेला माणूस आठवतो, नाहीतर पुस्तक. फोनाचा आणि शिक्षणाचा संबंध मी मानत नव्हतो.

नात अकोल्याला डॉक्टरकी शिकत होती, शेवटच्या वर्षाला. लेखी पेपर झाले, प्रॅक्टिकलला आठेक दिवस होते, म्हणून घरी आली. मृग बहाराची संत्री उतरवणं चालू होतं. अंगणात संत्र्यांचा ढीग, बाजूला खाटेवर ती, आणि हातात सदा फोन. एकदा मागून वाकून पाहिलं, तर फोनात एक माणूस उघड्या पोटानं निजलेला आणि दुसरा त्याच्या पोटावर बोटं वाजवून राहिलेला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर चांगलं संत्रं घेऊन, सालीला चीर देऊन, ती सुईदोऱ्यानं शिवत होती. फोन पेल्याला टेकवलेला. त्यात कुठली तरी मुलगी तेच करत होती.

"हे काय चाललं वं?"

"टाके घालणं शिकून राहिली, आबाजी. पोट तपासायचंही यातच पाहतो आमी."

"मंग मास्तर कायले ठेवले?"

"मास्तरच टाकतात जी व्हिडिओ. वर्गाचा ग्रुप आहे. काही अडलं तं तिथं विचारतो. नोटीसही तिथंच येते."

"नोटीस भिंतीले लागते, शिक्क्याची. फोनात तं कोनीही काहीही पाठवते. अन् संत्रं खायाले असते, शिवाले नाई."

ती लाल झाली. फोन बंद केला आणि माझ्या हातावर ठेवला.

"घ्या. ठेवा तुमच्यापाशीच. पुस्तकातून करतो."

जिद्द माझीच होती तिच्यात. वाटलं, उद्या मागेल. तिनं मागितला नाही, मीही दिला नाही. कलमाच्या चाकूच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. माझा मुलगा, तिचा बाप, मध्ये बोलायला आला, तर त्यालाही गप्प केलं. घरात माझा शब्द शेवटचा असायचा. पाच दिवस पोरीनं पुस्तकातून मान वर केली नाही आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिलो की पाहा, अभ्यास असा होतो.

शनिवारी दुपारी माझा बटणाचा फोन वाजला. नातीनंच कधी तरी माझा नंबर देऊन ठेवला असेल.

"आबाजी, मी तुमच्या नातीची हॉस्टेलची मैत्रीण. तिचा फोन बंद येऊन राहिला. जरा देता काय तिले?"

"अभ्यासाले बसली आहे ते."

"जरुरी होतं जी, परीक्षेचं..."

"परीक्षेचाच अभ्यास करून राहिली. तूही बस, माय."

कापला. पुन्हा वाजला, मी उचलला नाही. आत जाऊन पोरीला सांगितलंही नाही.

प्रॅक्टिकल मंगळवारी होतं. सोमवारी सकाळी तिला बसस्टँडवर सोडलं आणि पेटीतला फोन परत दिला. एसटी निघेपर्यंत तिनं तो पर्समध्येच ठेवला. अमरावतीच्या अलीकडे कुठं तरी चालू केला, तेव्हा तिला कळलं. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या अडचणीमुळे तिच्या बॅचची परीक्षा एक दिवस आधी ठेवली होती, त्याच सोमवारी सकाळी. नोटीस शुक्रवारी ग्रुपवर आलेली. ती अकोल्याला पोचली तेव्हा परीक्षक निघून गेले होते. तिनं विनवण्या केल्या. कोणी ऐकलं नाही.

संध्याकाळी फोन आला.

"आबाजी, परीक्षा झाली."

"कशी गेली?"

"माह्यावाचून गेली."

पुढची परीक्षा काही महिन्यांनी होती. तिच्या बरोबरीच्या पोरी इंटर्न म्हणून वॉर्डात लागल्या, ही घरी आली. मला त्यावरून एक शब्दही बोलली नाही. ताट आणून द्यायची, गोळ्यांची आठवण करायची, तेवढंच. त्या शनिवारच्या फोनाचं मी पोटात ठेवलं होतं. दोनदा सांगायला म्हणून खाटेजवळ गेलो आणि संत्र्याच्या भावाचं बोलून परत आलो. आयुष्यात मी कोणापुढे वाकलो नव्हतो. नातीपुढे वाकायला मला सव्वा महिना लागला.

"तुह्या मैत्रिणीचा फोन आला होता. शनिवारी. मीनं कापला."

तिनं हातातलं संत्रं खाली ठेवलं.

"मले माहीत आहे. मी अकोल्याले पोचली, त्याच दिवशी तिनं सांगतलं."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी कवा सांगता, ते पाहत होती."

ती रडली असती, ओरडली असती, तर मला सोपं गेलं असतं. तिनं फोन पुढे केला. "हे नीट धरा. हलवू नका. माहा टाका कसा पडते, ते ग्रुपवर दाखवाचं आहे." मी धरला. कलम बांधायला बसतो तसा बसून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून.

दुसऱ्या परीक्षेच्या वेळी ती पुन्हा घरीच होती. मी बागेत. नोटीस लागली की मलाही कळव, असं त्याच मैत्रिणीला मी सांगून ठेवलं होतं; तिचा फोन आला. "आबाजी, नोटीस लागली. परवा नऊ वाजता." मी तारीख, वार, वेळ तिच्याकडून दोनदा वदवून घेतली आणि बागेतून घरापर्यंत तेच घोकत आलो. दम लागला होता. दारातूनच सांगायला लागलो.

तिच्या फोनात ते केव्हाचंच आलं होतं. उघडं दिसत होतं समोर. तरी तिनं मला शेवटपर्यंत सांगू दिलं.