कापूस हलवणारी हवा

चाचणीआधी डुकरिणीला उपाशी ठेवतात. म्हणून महिनाभर तिला खाऊ घालणारे शंकरकाकाही आज न खाताच आले होते.

"ती माझे खिसे हुंगणार आणि मी पोटभर खाऊन यायचं? बरं दिसतं का, ताई?"

डॉक्टरांनी तिच्या कानाच्या शिरेतून भूल दिली. मग तिचा श्वास आमच्या नव्या व्हेंटिलेटरने चालवला. दुपारपर्यंत सगळे आकडे बरोबर आले. अशा चाचणीनंतर जनावराला पुन्हा जागं करत नाहीत. त्याच शिरेतून शेवटचं औषध दिलं गेलं. मॉनिटरवरची हृदयाची रेघ सरळ झाली आणि डॉक्टर हातमोजे काढत बाहेर गेले.

छाती मात्र वरखाली होत राहिली, कारण यंत्र चालूच होतं. ते बंद करणं माझं काम.

शेवटच्या घटकेला नाकाशी धरलेला कापूस हलला, की घरातली माणसं रडायची थांबतात. श्वास म्हणजेच जीव, असं आपण सगळे धरून चालतो. दोन वर्षं खपून मी तेवढंच बनवलं होतं, कापूस हलवणारी हवा.

काका नवीन होते. पुढचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नाही. ते तिच्या कानामागे खाजवत होते.

"कशी गाढ झोपलीय बघा. उठली की आधी भाकरी देतो."

"काका..." मी यंत्राच्या बटणावर हात ठेवला.

"असू द्या ताई, झोपू दे जरा."

मी बटणावरचा हात मागे घेतला.