गाऱ्हाण्याचा व्हिडिओ

आमच्या घरात देवाशी बोलायचं काम बाबांचं. आम्ही मूळचे कोकणातले. मुंबईत मरोळच्या दीड खोलीत गणपती बसतो आणि आरती झाली की घरातला थोरला पुरुष मालवणीत गाऱ्हाणं घालतो. म्हणजे एकेकाची अडचण देवाच्या कानावर घालायची आणि बाकीच्यांनी दर वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. यात पाठ केलेलं फारसं नसतं. बाबा वर्षभर सगळ्यांचं ऐकून ठेवायचे आणि त्या दिवशी सांगायचे.

माझं काम व्हिडिओ काढायचं. ते मला कुणी दिलेलं नव्हतं. दोन्ही हातांत मोबाईल असल्यामुळे हात जोडता येत नसत, आणि माझाच आवाज मोठा येईल म्हणून 'व्हय म्हाराजा'ही म्हणता येत नसे. व्हिडिओ मात्र छान यायचे. एरवीही मी जेवताना, जिना उतरताना मोबाईलातच असे. बायकोने काही विचारलं की 'हं' म्हणायचो. अशाच एका 'हं'मध्ये मी जुनं कपाट भंगारात द्यायला होकार दिला होता. ते गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, शर्ट शोधताना.

गेल्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. गणपती आले, आरती झाली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता बोलायची पाळी माझी होती, आणि कुणाची अडचण काय हेच मला माहीत नव्हतं.

"अरे, बोल ना!" काकी म्हणाली.

"व्हिडिओ आहे ना," मी म्हणालो. आणि खरंच लावला, तीन वर्षांपूर्वीचा. मोबाईल समईशेजारी उभा केला.

मोबाईलातल्या बाबांनी माझ्या चुलत बहिणीचं लग्न जमू दे म्हणून सांगितलं. ती समोरच कडेवर पोर घेऊन उभी होती. सवयीने सगळे म्हणाले, 'व्हय म्हाराजा'. तीही म्हणाली.

मग बाबांचा आवाज आला, "ह्या माझ्या थोरल्या झिलाची मान वर कर रे म्हाराजा. घरात आसा, पण घरात नाय."

व्हिडिओतल्या सगळ्यांनी ठणठणीत 'व्हय म्हाराजा' म्हटलं. खोलीतल्यांनी या वेळी माझ्याकडे बघितलं; थोरला झील, म्हणजे मुलगा, मीच.

तो व्हिडिओ मीच काढला होता, तीन फुटांवर उभा राहून. घरच्या ग्रुपवर टाकून खाली 'झकास गाऱ्हाणं' असंही लिहिलं होतं. ऐकलं तेवढं नव्हतं. मला भयंकर लाज वाटली. मोबाईल कसा बंद करतात तेही सुचेना. शेवटी बाबांनीच हात पुढे करून तो पालथा घातला.

मी हात जोडले आणि सरळ विचारायला सुरुवात केली.

"काकी, तुझं काय सांगू?"

"गुडघे. दुसरं काय रे?"

भावाची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "माझं नंतर सांगते, बराच वेळ लागेल." एकेकाला विचारायचं, मग देवाकडे वळून माझ्या मोडक्यातोडक्या मालवणीत सांगायचं, असं बराच वेळ चाललं. मोदक गार झाले. कुणी तक्रार केली नाही.

शेवटी बाबा राहिले. त्यांना विचारून उपयोग नव्हता आणि विचारायची गरजही नव्हती.

"माझ्या बाबांका त्यांचो आवाज परत दी रे म्हाराजा," मी म्हणालो.

'व्हय म्हाराजा', सगळे म्हणाले. मी बाबांकडे बघत होतो. त्यांचेही ओठ हलले. आवाज आला नाही. सगळ्यांचं म्हणून झालं तरी त्यांचं चालूच होतं, आणि ते पूर्ण होईपर्यंत मी बघत राहिलो.